टेरवीर्डच्या हिरड्यांचं खरं कारण

हेसेल बोनस्ट्राच्या नावावर आयुष्यात एकच मोठा शोध होता, आणि तो ज्येष्ठमधाचा होता. त्याशिवाय त्याने सदतीस शोधनिबंध लिहिले होते, पण ते त्याच्या बायकोनेही वाचले नव्हते, आणि ती स्वतः दातांची डॉक्टर होती.

शोध असा. अकरा वर्षांपूर्वी फ्रीसलंड प्रांतातल्या टेरवीर्ड नावाच्या गावात त्याने एकशेवीस माणसं गोळा केली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. साठ जणांनी रोज संध्याकाळच्या जेवणानंतर दहा मिनिटं ज्येष्ठमधाची काडी चघळायची, उरलेल्या साठांनी काहीच करायचं नाही. बारा आठवड्यांनी सगळ्यांच्या हिरड्या तपासल्या. चघळणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येणं निम्म्यावर आलं होतं. न चघळणारे होते तिथेच होते.

निबंध छापून आला आणि हेसेलचं नशीब फळफळलं. वर्तमानपत्रांत फोटो आले. व्हिएन्नाहून, बेर्गनहून, कोइंब्राहून भाषणाची आमंत्रणं आली. पाठ्यपुस्तकात त्याला अर्धं पान मिळालं. टेरवीर्डकरांनी तर कहरच केला. वेशीवर पाटी लावली, ‘ज्येष्ठमधाचं गाव’. दर सप्टेंबरात जत्रा भरवायला लागले. बेकरीवाल्याने ज्येष्ठमधाचा पाव काढला. तो इतका बेचव होता की फक्त पर्यटकच घ्यायचे. जत्रेच्या उद्घाटनाला हेसेलला बोलवायचे, हातभर लांब काडी त्याच्या हातात द्यायचे, आणि ती तो सगळ्यांसमोर चघळायचा. खरं सांगायचं तर त्याला ती चव मुळीच आवडत नसे.

हेसेल काही लबाड माणूस नव्हता. उंच, जरासा पोक आलेला, विद्यार्थ्यांवर जीव लावणारा, एकसष्ट वर्षांचा प्राध्यापक. वर्गात तो नेहमी सांगायचा, “आपलं काम दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे.” हे तो इतकं मनापासून म्हणायचा, की आपलं स्वतःचं काम आजवर कुणी तपासलेलं नाही हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी रुलीन त्याच्या खोलीत आली. रुलीन म्हणजे विद्यापीठाच्या दंतविभागाचा सगळा डेटा सांभाळणारी बाई. आधी ती ग्रंथालयात होती, आणि पुस्तकं दाबून ठेवणारे प्राध्यापक तिला बघून अजूनही जिना बदलत. सायकलचं हेल्मेट तिने हेसेलच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली.

“तुझा ज्येष्ठमध खुला करायचाय,” ती म्हणाली.

“खुलाच आहे की. निबंध कुणालाही फुकट वाचता येतो.”

“निबंध नाही रे. आकडे. एकेका माणसाचे. नवा नियम आलाय. जे संशोधन अजून वर्गात शिकवलं जातं त्याचा सगळा डेटा संकेतस्थळावर टाकायचा. कुणीही यावं, उतरवून घ्यावा, तपासावा.”

“पण आकड्यांचा अर्थ मी निबंधात सांगितलाय.”

“तू सांगितलास. आता आकडे स्वतः काय म्हणतात ते लोकांना ऐकू दे.”

हेसेल जरा दुखावला. “माझ्यावर विश्वास नाही होय तुझा?”

“आहे ना. म्हणून तर एकटी आले. ज्यांच्यावर नाही त्यांच्याकडे डीनना घेऊन जाणार आहे.”

हेसेलने कॉम्प्युटर उघडला. ज्येष्ठमधाच्या कप्प्यात चार फायली होत्या. त्यांची नावं अशी: ‘शेवटची’, ‘शेवटची खरी’, ‘शेवटची खरी हीच वापरा’ आणि ‘ही वापरू नये बरोबर आहे’.

रुलीनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “यातली निबंधात कुठली वापरली?”

“बहुतेक चौथी,” हेसेल म्हणाला.

पुढचे तीन आठवडे रुलीनने त्याला बसवून घेतलं. कुठला रकाना कशाचा, कुठला आकडा कुणी कधी मोजला, ‘९९’ म्हणजे नव्व्याण्णव की ‘माणूस आलाच नाही’, सगळं लिहून काढायला लावलं. नावं उडवली, वयं पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत बसवली, म्हणजे कोण कोणता ते कुणाला ओळखू येऊ नये. शेवटी एक रकाना उरला, ‘शेरा’.

“हा काढून टाक,” हेसेल म्हणाला. “मिंके तपासणी करताना त्यात वाट्टेल ते लिहायची. संशोधनाशी काही संबंध नाही.”

मिंके म्हणजे त्याच्या विभागातली दात साफ करणारी तज्ज्ञ. टेरवीर्डची सगळी तोंडं तिनेच तपासली होती. रुलीनने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘तोंड उघडतात ते फक्त बोलायला.’ हे काढू. ‘मेव्हण्याशी भांडण, दात खात असतात.’ हेही काढू, गावात लगेच कळेल. ‘आत्ताच घासून आलेत, ओठाच्या कोपऱ्यात फेस आहे.’ हे राहू दे. ‘पेपरमिंटचा वास, हिरडी खरवडून लाल.’ हेही राहू दे. हे दातांबद्दल आहे.”

“कोण वाचणार आहे ते!” हेसेल म्हणाला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डेटा खुला झाला. पानाच्या कोपऱ्यात किती जणांनी उतरवून घेतला त्याचा आकडा दिसायचा. आठ दिवसांनी हेसेलने पाहिलं तर आकडा तीन. दोन वेळा त्यानेच उतरवून घेतला होता, बरोबर दिसतोय ना ते बघायला. तिसरा कोण याचा त्याने फारसा विचार केला नाही. उलट त्याला हायसं वाटलं. जग आपल्या कामात होतं.

तिसरा होता वीब्रन हूकेमा.

हे त्याला पत्रावरून कळलं. निळ्या शाईतलं, रेषा आखून लिहिलेलं पत्र. ‘माननीय प्रोफेसर, मी टेरवीर्डच्या कालव्याचा निवृत्त राखणदार. तुमच्या अभ्यासात मी अडतीस नंबर होतो, कार्ड अजून जपून ठेवलंय. तुम्ही डेटा खुला केलात हे फार उत्तम केलंत. मी तो छापून जेवणाच्या टेबलावर पसरला आहे, त्यामुळे बायको स्वयंपाकघरात उभ्याने जेवते. एकदा येऊन गेलात तर बरं. गुरुवारी साडेदहा वाजता कॉफी असते. आपला, वी. हूकेमा.’

गुरुवारी साडेदहाला हेसेल टेरवीर्डला पोचला. वीब्रन चौऱ्याहत्तर वर्षांचा, खारट वाऱ्याने रापलेला, कमी बोलणारा माणूस होता. चाळीस वर्षं त्याने कालव्याचे दरवाजे उघडले होते आणि मिटले होते, आणि आलेली-गेलेली एकूण एक बोट वहीत लिहिली होती. त्याने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मग टेबलावरच्या कागदांवर बोट ठेवलं.

“हा रकाना काय आहे, प्रोफेसर?”

“किती दिवस काडी चघळली तो आकडा. लोकांनी घरी रोज खूण करायची होती.”

“वाचा.”

हेसेलने वाचलं. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. खालपर्यंत साठच्या साठ ओळींत चौऱ्याऐंशी.

“हो,” तो जरा अभिमानाने म्हणाला. “बारा आठवडे, एकही दिवस चुकला नाही. परिषदेत लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.”

“कुणाला हसू नाही आलं?”

“का यावं?”

वीब्रनने खुर्ची पुढे घेतली. “प्रोफेसर, या गावात तीन चर्च आहेत, कारण दोनांत आमचं जमेना. बँडबाजाची पथकं दोन आहेत आणि दोन्हींकडे ढोल नाही, कारण ढोलवाला दोन्हींशी भांडलाय. आणि तुम्हाला वाटलं की या गावातली साठ माणसं सलग चौऱ्याऐंशी दिवस एकच गोष्ट करतील? तीही लाकूड चघळायची?”

हेसेलच्या हातातलं बिस्किट कॉफीत पडलं.

“चाळीस वर्षं मी नोंदी ठेवल्या,” वीब्रन म्हणाला. “सलग चौऱ्याऐंशी दिवस नीट काहीच घडत नाही. ना बोटी, ना पाणी, ना माणसं. इतका स्वच्छ रकाना दिसला की समजायचं, कुणीतरी शनिवारी बसून भरलाय.”

“तुम्ही… तुम्ही किती दिवस चघळलीत?”

“दोन. मग सशाला दिल्या. सगळ्या. त्याचे दात मात्र फार सुरेख झाले.”

“मग तुमच्या हिरड्या सुधारल्या कशा?” हेसेल जवळजवळ ओरडला. “तुमची ओळ पाहा! रक्त निम्म्याहून कमी!”

वीब्रनने इकडेतिकडे पाहिलं, जणू भिंतीला कान असावेत. “मिंके,” तो हळूच म्हणाला. “दर मंगळवारी यायची की. आठवड्याच्या काड्या द्यायला. आणि आल्या आल्या, ‘दाखवा बघू तोंड!’ पहिल्या मंगळवारी माझ्या तोंडात बघून ती काही बोलली नाही. नुसता सुस्कारा टाकला. प्रोफेसर, मी वादळात कालव्यावर उभा राहिलोय. पण तो सुस्कारा! दुसऱ्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ दात घासायला लागलो. दातांमधली फटसुद्धा दोऱ्याने साफ करायचो. आणि मी एकटा नव्हतो. मंगळवारी सकाळी गावातल्या नळांना पाणी बारीक यायचं.”

“आणि न चघळणारे?”

“त्यांच्याकडे मिंके दोनदाच गेली. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या.”

हेसेलने तिथेच बसून ‘शेरा’ चा रकाना वाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. फेस. पेपरमिंट. फेस. ‘ब्रश नवा दिसतो.’ ‘हिरडी इतकी घासलीय की मलाच दुखलं.’ साठपैकी सत्तावन्न ओळींत हेच. सगळं तिथे होतं, मिंकेच्या ठसठशीत अक्षरांतून फायलीत उतरलेलं, त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये. औषध ज्येष्ठमध नव्हतं. औषध मिंके होती.

घरी परतताना त्याने गाडी दोनदा चुकीच्या वळणावर घातली. त्याला लाज वाटत होती, राग येत होता, आणि सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा, की वीब्रन बरोबर होता. दुसऱ्या दिवशी तो थेट रुलीनकडे गेला.

“तो डेटा काढून टाकता येईल का?”

“येईल,” रुलीन म्हणाली. “पण पान जात नाही. तिथे ओळ राहते: इथे डेटा होता, तो अमुक कारणामुळे काढला. कारण काय लिहू?”

“लिही, तांत्रिक कारण.”

“तांत्रिक म्हणजे?”

“म्हणजे… तांत्रिक गं.”

“हेसेल.”

“म्हणजे मला लाज वाटते!”

“बरं,” ती म्हणाली आणि टाइप करायला लागली. “‘संशोधकाला… लाज… वाटत असल्यामुळे…’”

“थांब!” हेसेल खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. ससा, सुस्कारा, मंगळवारचं पाणी. रुलीन एकदाही हसली नाही, आणि तिला ते किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी ती म्हणाली, “हे बघ, एका माणसाच्या सांगण्यावरून काही सिद्ध होत नाही. जा, बाकीच्यांना विचार. उघडपणे विचार. आणि मिंकेलाही सांग, नाहीतर ती तुला सोलेल.”

मिंके तळमजल्यावर एका रुग्णाचे दात खरवडत होती. हेसेलने दारात उभं राहून अडखळत सांगितलं. तिने हातातलं हत्यार थांबवलं नाही.

“म्हणजे माझ्यामुळे,” ती म्हणाली.

“तसं दिसतंय.”

“आणि हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ‘प्रोफेसर, हे लोक घासून येतात,’ म्हटलं होतं. तुम्ही काय म्हणालात?”

हेसेलला आठवत नव्हतं.

“म्हणालात, ‘मिंके, तू फक्त मोज.’ मी मोजलं. आणि जे तुम्हाला ऐकायचं नव्हतं ते शेऱ्यात लिहिलं. तोंड मिटू नका, रुग्णसाहेब, तुम्हाला नाही बोलत.”

“मला माफ कर,” हेसेल म्हणाला.

आता मात्र तिचा हात थांबला. वीस वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. “गावाला कधी जायचं?” तिने विचारलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी टेरवीर्डच्या सभागृहात गाव जमलं. अभ्यासातल्यांपैकी शहाण्णव जण आले. काही वारले होते, काही शहरात गेले होते. रुलीनने चिठ्ठ्या वाटल्या आणि दाराशी पेटी ठेवली. चिठ्ठीवर आपला नंबर आणि खरोखर किती दिवस चघळली तो आकडा लिहायचा, नाव नाही. नंबर आठवत नसेल तर नुसता गट लिहायचा.

हेसेल उभा राहिला. भाषण त्याने लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहिला. “मी तुमच्या भरवशावर एक मोठी गोष्ट जगाला सांगितली,” तो म्हणाला. “ती चूक असावी असं मला आता वाटतं. चूक तुमची नाही. साठ माणसं एकही दिवस चुकत नाहीत हे बघून मी शंका घ्यायला हवी होती. मी खूश झालो. आज खरं लिहा. मी कुणावर रागावणार नाही.”

मग बेकरीवाला उठला. “मी बारा नंबर. मी तर एकही—”

“नंबर बोलू नका!” रुलीन ओरडली. “गुप्त आहे ते!”

“गुप्त कसलं? बारा मी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी बायको तेरा आहे.”

“मी तेरा नाही, एकोणतीस!” मागून बायकोचा आवाज. “आणि माझ्या काड्या तूच खाल्ल्यास, म्हणजे तू न चघळणाऱ्या गटात असून चघळलंस!”

“मला चव आवडायची!” बेकरीवाला म्हणाला. “म्हणूनच तो पाव सुचला ना!”

मग काही कुणाला आवरेना. एकीने आपल्या काड्या टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या होत्या. एकाने त्यांनी बोटीच्या फळीतलं भोक बुजवलं होतं. पाद्रीबाईंनी आपल्या काड्या चर्चच्या कपाटात ठेवल्या होत्या आणि अजून तिथेच होत्या, हव्या असतील तर आणून देते म्हणाल्या. रुलीन ‘गुप्त! गुप्त!’ म्हणत पेटी छातीशी धरून फिरत होती. सगळे इतके मोकळे होऊन हसत होते की हेसेललाही हसू यायला लागलं. अकरा वर्षं या माणसांनी त्याच्यासाठी खोटं सांभाळलं होतं. प्रोफेसर इतके खूश आहेत, त्यांचा विरस कशाला करायचा, म्हणून.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. येट्स्केबाई उभ्या राहिल्या होत्या. वय ब्याण्णव.

“मी चघळलं,” त्या म्हणाल्या. “चौऱ्याऐंशी दिवस. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून. मला ते लाकूड अजिबात आवडत नव्हतं. पण शब्द दिला होता. आणि आता सगळे हसतायत?”

हसणं बंद झालं. हेसेल खाली उतरून त्यांच्यासमोर गेला. “येट्स्केबाई, तुम्ही माझं सगळ्यात मोठं काम केलंत. खरंच. तुमचा नंबर…”

“सात. गुप्त राहिला तरी मी सांगणार.”

हेसेलने छापील कागदावर सातवी ओळ शोधली. हिरड्यांतून रक्त, सुरुवातीला बावीस जागी. शेवटी बावीस जागी. शेरा: फेस नाही, पेपरमिंट नाही. नुसतं ‘नेहमीसारखं’.

“तुम्ही मंगळवारी दात घासून बसत नव्हतात?” त्याने विचारलं.

“का बसू? कुणासाठी?”

“मिंकेची भीती नाही वाटायची?”

येट्स्केबाईंनी मिंकेकडे पाहिलं. मिंके खिडकीशी चक्क लाल झाली होती.

“हिची?” बाई म्हणाल्या. “हिला मी अंघोळ घातलीय. माझ्या भावाची पोर ही.”

“आत्या,” मिंके म्हणाली, “दात घास गं जरा.”

सभागृह पुन्हा फुटलं, आणि या वेळी येट्स्केबाईही हसल्या. अख्ख्या गावात एकच बाई रोज काडी चघळत होती आणि एकच बाई मिंकेला भीत नव्हती, आणि या दोन्ही म्हणजे येट्स्केबाईच. हेसेलला वाटलं, इतका सुंदर पुरावा आपल्याला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. आणि तो आपल्याच विरुद्ध आहे. चिठ्ठ्या मोजल्यावर चघळणाऱ्या गटाची सरासरी निघाली नऊ दिवस.

हेसेलने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं, एक छोटी दुरुस्ती छापू, दोन ओळींत, कुणाला फारसं कळणारही नाही. हेसेलने कळवलं, कळायला हवं. निबंध मागे घेतला गेला, आणि का ते अडीच पानांत सविस्तर छापलं गेलं. चिठ्ठ्यांचे आकडे आणि शेऱ्याचा रकाना सोबत जोडला. व्हिएन्नाचं आमंत्रण रद्द झालं. एका जुन्या प्रतिस्पर्ध्याने सहानुभूतीचं कार्ड पाठवलं, ज्यावर फुलं जरा जास्तच रंगीत होती. पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या कुणाला मिळालं. काही रविवार हेसेल खिडकीत बसून बदकांकडे बघत राहिला. बायकोने त्याला एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही, कारण तिने सांगितलं नव्हतं. तिने निबंध वाचलाच कुठे होता? आता तिने मागे घेतलेला निबंध वाचला आणि म्हणाली, “छान लिहिला होतास की.” त्या रविवारी मात्र तो थोडा रडला.

गाव सहा आठवडे रुसलं. मग बेकरीवाल्याने तो पाव बंद केला, आणि सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी नवा अभ्यास सुरू झाला. या वेळी सुरू होण्याआधीच सगळा आराखडा संकेतस्थळावर टाकला: कोण काय करणार, काय मोजणार, कसं मोजणार, आणि निकाल काहीही आला तरी छापणार. तीन गट. एकाला काड्या टपालाने, भेट नाही. एकाला मिंकेची दर मंगळवारी भेट, काडी नाही. एकाला काहीच नाही. शेवटची तपासणी शेजारच्या गावातल्या एका बाईने करायची, जिला कोण कुठल्या गटातला हे माहीत नसेल. आराखडा टाकल्याच्या चौथ्या दिवशी वीब्रनचं पत्र आलं. त्यात अकरा हरकती होत्या. नऊ बरोबर होत्या. हेसेलने नऊही मान्य केल्या आणि दोनांवर ते कॉफी पिता पिता तीन गुरुवार भांडले.

रोजच्या खुणांच्या कागदावर आता एक जास्तीची ओळ होती: ‘आज का नाही?’ पहिल्या आठवड्याचे कागद आले तेव्हा हेसेलने ते रुलीनला मोठ्याने वाचून दाखवले. ‘विसरलो.’ ‘कंटाळा.’ ‘पाहुणे होते.’ ‘चव घाण.’ ‘आज चघळली, पण फुटबॉल बघताना, किती वेळ ते आठवत नाही.’ त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की रुलीनला वाटलं याला पुरस्कार मिळाला.

निकाल यायचा तोच आला. काडीने काही झालं नाही. मिंकेने झालं. निबंधावर पहिलं नाव मिंकेचं लागलं, दुसरं हेसेलचं, आणि तिसरं वी. हूकेमा, जलमार्ग विभाग, निवृत्त.

गेंटच्या परिषदेत निबंध मिंकेनेच वाचला. हेसेल मागच्या रांगेत बसला होता, स्वतःच्या भाषणाला कधी घाबरला नव्हता इतका घाबरून. ती मात्र दात खरवडावेत तशी एकेक आकडा काढत गेली. शेवटी पुढच्या रांगेतले एक वजनदार प्राध्यापक उठले, करड्या दाढीचे, त्यांच्या देशात मोठं नाव असलेले.

“निष्कर्ष रंजक आहे,” ते म्हणाले. “पण तुमचा मूळ डेटा आम्हाला कधी बघायला मिळेल?”

“महिनाभर उघडा पडलाय,” मिंके म्हणाली. “चौदा जणांनी उतरवून घेतला. त्यांत तुमच्या विद्यापीठाचं कुणी दिसलं नाही. तुमचा कुठे ठेवलाय?”

प्राध्यापक खाली बसले.

कॉफीच्या वेळी ते स्वतःच तिच्याजवळ आले. आता ते वेगळेच दिसत होते. “एक खाजगी विचारू?” ते हळूच म्हणाले. “माझ्या डावीकडे, मागे, हल्ली जरा रक्त येतं.”

मिंकेने आपला कप हेसेलच्या हातात दिला. प्राध्यापकांना दंडाला धरून खिडकीशी नेलं, त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत पाहिलं. भोवतीचे लोक कप घेऊन जवळ सरकले. मग तिने सुस्कारा टाकला.

“आज सकाळी घासलेत,” ती म्हणाली. “आणि त्याआधी?”

प्राध्यापक तोंड उघडंच ठेवून हेसेलकडे केविलवाणं बघायला लागले. हेसेलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सांगून टाका,” तो म्हणाला. “बरं वाटतं.”